एकवीस चाळीस

सत्तेचाळिसाव्या वर्षी परत बाकावर बसले.
बाक कसला, फिरती खुर्ची,
पण पाठ शाळेतल्यासारखीच ताठ झाली.
यॉविक गाव, बाहेर म्यूसा सरोवर काठाकाठाने गोठलेलं,
आत आम्ही अकरा जण, सगळे नोकरीतले पोलीस,
पदव्युत्तर.

बर्गनच्या तुर्गेरने बावीस वर्षं दारं तोडली,
आता एक फाइल उघडायला घाबरतो.
"नुसती उघडली तरी बदलते म्हणे."
बदलतेच. पाहणाऱ्याचा वास लागतो तिला.
म्हणून आधी नक्कल, मग नकलेवर काम,
मूळ मुद्देमाल सीलबंद कपाटात
आणि पंचनाम्यात चौसष्ट अक्षरांची ती लांबलचक खूण.
एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला
तर अख्खी खूण वेगळी.
माणूस आतून पार बदलतो
आणि ओळखपत्र तेच राहतं, त्यापेक्षा हे बरं.

"पुसलं म्हणजे फक्त दारावरची पाटी काढली,"
ओसहिल्ड बाई म्हणतात,
"बिऱ्हाड आतच असतं, नवा भाडेकरू येईपर्यंत."
मी हे वहीत उतरवून घेतलं, पेनने.
तुर्गेर हसला.

तिसऱ्या आठवड्यात विषय होता वेळ.
यंत्राला गाव नसतं, बाई म्हणाल्या,
बहुतेक नोंदी ग्रीनिचच्या घड्याळाने होतात,
आपल्याकडे हिवाळ्यात एक तास मिळवायचा,
उन्हाळ्यात दोन.
यात नवं काय? सगळ्यांनी मान हलवली.
मीही हलवली.
मग माझी मान मध्येच थांबली.

नऊ वर्षांपूर्वीचा जुलै. माझं ठाणं
नकाशाच्या अगदी वरच्या काठावर,
जिथे त्या महिन्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही.
मासळीचं गोदाम जळालं, ठिणगी पडली पावणेदहाला.
साक्षीदार सात,
सातही जण म्हणाले, ऊन होतं.
दहाला ऊन, बाराला ऊन, पहाटे तीनलाही ऊन,
तिथे उन्हाच्या जबानीला काय किंमत?
म्हणून मी फोनवर विसंबले.
ओडवारचा फोन, गोदामाशेजारचा मनोरा,
एकवीस चाळीस.
तो शेवटपर्यंत सांगत राहिला,
मी बाराच्या सुमाराला आलो, धूर बघून,
हातात बादली होती.

गणवेशाला कडक इस्त्री करून मी कोर्टात उभी राहिले
आणि म्हणाले, माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही.
वाक्य पेपरात छापून आलं.
आईने कात्रण जपून ठेवलं, अजून आहे.

चौदा महिने.

एकवीस चाळीस अधिक दोन,
पहिलीतलं पोर बोटांवर करेल.
तेवीस चाळीस.
धूर. बादली.

यंत्र खरंच विसरलं नव्हतं.
ते आपल्या भाषेत खरं तेच बोललं होतं,
दुभाषी मी होते.

संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात
तुर्गेर माशाचे वडे तळत होता. त्याला सांगितलं.
बराच वेळ तो वडे उलटत राहिला, जळेपर्यंत,
मग म्हणाला, "भोगून झालं ना त्याचं?
होडी विकली, गाव सोडलं म्हणतेस.
आता उकरून कोणाचं भलं?"
माझं तर नक्कीच नाही, मी म्हणाले,
आणि जळका वडा खाल्ला.

सरकारी वकिलांना पत्र लिहिलं, साडेचार ओळींचं.
पहिल्या मसुद्यात "कदाचित" हा शब्द होता. पुसला.
पुसलेलं कुठे राहतं
ते आता मला ठाऊक आहे, राहू दे तिथे.

खिडकीबाहेर बर्फाला तडा गेल्याचा आवाज आला,
लांबवर, कोणीतरी जड दार ओढावं तसा.
अंधार दुपारी साडेतीनपासूनचा होता,
त्याच्याकडे बघून वेळ सांगता आली नसती.
सहीखाली तारीख घातली,
बावीस वाजून दहा मिनिटं,
आणि पुढे, पहिल्यांदाच,
कुठल्या घड्याळाने तेही.